विडी-खर्रा सोडताना कॅन्सर पेशंटच्या मनाचं काय होतं? तुमच्या घरचे अनुभव लिहा

धानबांधी
तेंदूपत्त्याचा हंगाम लागला. काल फळीवर (पानं गोळा करतात तिथं) पुडे वाळत घातलेले होते, त्या वासानं बाबांच्या आजारपणातले दिवस आठवले. म्हणून हा धागा.

बाबांना स्वरयंत्राचा कॅन्सर होता. नागपूरला शेक (रेडिएशन) सुरू होण्याआधीच डॉक्टरांनी विडी बंद केली. कॅन्सर ऐकून बाबा रडले नाहीत. रडले ते पुढं एका संध्याकाळी. त्यांचे जुने सोबती भेटायला आले, दारातच विडी विझवली, ओसरीवर अवघडून बसले अन् चहा न घेताच उठले. हळूहळू सगळ्यांचं येणं कमी झालं. बाबांना पारावर जायची भीती वाटे, कारण तिथं प्रत्येकाच्या हातात विडी. म्हणजे विडी गेली अन् आयुष्यभराची बैठकही गेली. दिवसभर रिकामी काडेपेटी हातात धरून अंगठ्यानं तिची बाजू घासत राहायचे. गूल पार निघून पुठ्ठा दिसायला लागला होता.

घरात बोलणं काय, तर जेवण, पैसे, गाडी. मनाचं कोण विचारते? तुमच्याकडं कसं झालं, लिहा. खर्रा (सुपारी-तंबाखू घोटलेला), गुडाखू (दातांना घासायची तंबाखूची पेस्ट), तंबाखू, सगळं चालेल.

काटोलवाला
आमच्या मोठ्या बाबाले फुफ्फुसाचा होता. विडी सोडली त्या हप्त्यात माणूस ओळखू येत नव्हता. ताट फेकलं, मोठ्याईवर वरडले, रातभर आंगणात फेऱ्या. आमाले वाटलं कॅन्सर डोक्यात चढला. डॉक्टर म्हणे, निकोटीन सुटून राहिलं, पहिले दोन-तीन दिवस लय जोर राहते, मंग तीन-चार हप्त्यात उतरते. मोठ्याई म्हणे, "मंग काई नाई, फेकू द्या. ताटं स्टीलचेच हायेत." तवापासून घरातलं वातावरणच बदललं. ते चिडले की ती फक्त म्हणे, निकोटीन बोलून राहिलं.

आसगावची
धानबांधी, कोणतं गाव जी तुमचं? माझं माहेर आसगाव.

धानबांधी
बाजूलाच ताई, नदीकडच्या अंगाला.
काटोलवाला, मोठ्याईला माझा नमस्कार सांगा. अशी बाई घरात असली तर निम्मं काम होते.

तिरोड्याची लेक
आमचं घर विडीवरच चाललं. आई विड्या वळायची, मी अन् बहीण शाळेतून आलो की पानं कापायचो. सुपात तंबाखू, बाजूला कापलेली पानं, दोऱ्याची गुंडी. दर हजार विड्यांमागं मजुरी. त्याच पैशात आमच्या वह्या-पुस्तकं. अन् त्याच घरात बाबांना घशाचा निघाला.

आता सांगा, ज्या घरात सकाळपासून तंबाखूचा वास, तिथं पेशंटनं विडी कशी सोडावी? आई सूप घेऊन शेजारच्या काकूच्या पडवीत जाऊन बसायला लागली. भर उन्हाळ्यात. बाबांना त्याचं फार लागे. म्हणत, "माझ्यापायी तिला घराबाहेर बसा लागते." रात्री झोप नाही, उशीला टेकून नुसते बसलेले. विडीचा त्रास किती, आजाराच्या भीतीचा किती अन् बायकोच्या मजुरीचा घोर किती, हे वेगळं करून कोणाला सांगता येणार होतं? डॉक्टर विचारत, विडी बंद आहे ना? बाबा मान हलवत. तेवढ्यावर संपे.

भाकरी करायची आहे, बाकीचं नंतर लिहिते.

वणीकर
मला एक समजत नाही. कॅन्सर झालाच आहे, तर आता सोडून काय फायदा? ७० वर्षांच्या माणसाला का छळायचं? आमच्या आजोबांना आम्ही काहीच म्हटलं नाही. गेले ते समाधानानं गेले.

सावनेर१९
वणीकर, मी स्वतः पेशंट आहे म्हणून लिहितो. वय सत्तर नाही, चाळीसच्या आत आहे. गालाचं ऑपरेशन झालं, मग शेक. खर्रा खात होतो. दिवसाला किती ते लिहीत नाही.

भेटायला येणारा प्रत्येक माणूस पहिलं काय विचारतो? "खर्रा खात होता ना?" तब्येत कशी हे नंतर. बायकोसमोर, पोरासमोर. उत्तर देऊन देऊन असं वाटायला लागलं का आपण आजारी नाही, आरोपी आहोत. अन् गंमत नाही सांगत, असं कोणी बोलून गेला की त्याच घडीला सगळ्यात जास्त तलफ येई. तोंडात टाके, नाकातून नळी, अन् मन म्हणे एक पुडी आण.

ज्या दवाखान्यात होतो त्याच्या गेटसमोरच टपरी. खिडकीतून पोरगा पन्नीत खर्रा घोटताना दिसे. मी खाट बदलून मागितली. सिस्टरनं कारण विचारलं, मी खरं सांगितलं, तिनं तासाभरात भिंतीकडची खाट दिली. काही बोलली नाही. तिचे उपकार मी विसरणार नाही.

दुसरं म्हणजे निकोटीनचं च्युइंग गम सगळे सुचवतात. ज्याचं तोंड दोन बोटं उघडत नाही, आतून सोललेलं आहे, तो चघळणार कसं? मला दंडावर लावायची पट्टी दिली डॉक्टरांनी. त्यानं जीव थाऱ्यावर आला. तोंडाच्या पेशंटनी हे मागून घ्या.

मोसंबीबाग
सावनेर भाऊ 🙏 लय हिंमत.

सिस्टर हिंगणघाट
ड्युटी संपली, बसमध्ये लिहीत आहे, चुका सांभाळून घ्या.

वणीकर दादा, फायदा आहे, तोही याच उपचारात. विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड रक्तातला ऑक्सिजन कमी करतो. गाठीला ऑक्सिजन कमी पडला की शेकाचा परिणाम कमी होतो. ऑपरेशनची जखम लवकर भरत नाही, तोंडातले फोड जास्त चिघळतात, दुसरीकडे नवा कॅन्सर व्हायचा धोका राहतो. म्हणून निदान झाल्यावर सोडली तरी उशीर झाला असं नसते.

पण आजार बरा होण्याच्या पलीकडे गेला असेल तर आराम पहिला. तिथं जबरदस्ती करू नये, तुमच्या आजोबांचं तुम्ही केलं त्यात मला काही वावगं दिसत नाही. फक्त घरी ऑक्सिजन लावला असेल तर त्या खोलीत विडी पेटवू देऊ नका. आग लागते.

टेन्शनचं सांगते. पेशंट म्हणतो विडीनं टेन्शन जाते. रक्तातलं निकोटीन दोनेक तासांत अर्ध्यावर येते, मग जीव कासावीस होतो, विडी ओढली की तो कासावीसपणा जातो. त्याला वाटते विडीनं कॅन्सरची भीती घालवली. भीती तिथंच असते. ती बोलल्याशिवाय कमी होत नाही. अन् आपण घरचे बोलू कुठं देतो? "काही होत नाही, टेन्शन घेऊ नका" म्हणून तोंड बंद करतो. त्यापेक्षा "रात्री काय काय मनात येते?" एवढं विचारून गप बसा. माणूस बोलतो.

तलफ आली की काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ कोणी सोबत हवं. चिडचिड, झोप न येणं चालायचंच. पण दोन आठवड्यांवर उदास आहे, जेवत नाही, जगून काय करू म्हणतो, तर ते विडी सुटल्याचं म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात. अन् काटोलवाले भाऊ, तुमच्याकडं निभावलं ते चांगलं, पण डोकं दुखते, उलट्या, बडबड असं असेल तर निकोटीन समजून घरी बसू नये. फुफ्फुसाचा मेंदूत जाऊ शकतो.

काटोलवाला
हाव ताई, बरोबर. आमीबी दाखवूनच आलो होतो.

मायघर
कोणी बायांचं लिहीना म्हणून लिहिते. माझी सासू गुडाखू घासायची, धानाच्या रोवणीत सगळ्याच बाया घासतात, भूक मारायला. जिभेखाली फोड झाला तर वर्षभर लपवला. कॅन्सर निघाल्यावर पुरुषाला लोक निदान रागावतात तरी. हिला तर "बाईमाणूस असून?" त्यामुळे सोडायचा त्रासही ती कोणाला सांगेना. पहाटे उठून मोरीत रिकामं बोट हिरड्यांवरून फिरवत बसे. मी पाहिलं, तेव्हा नुसती बाजूला जाऊन बसले. मग रोजच बसायला लागलो दोघी. चूल पेटेपर्यंत तिचं माहेर, तिच्या लहानपणचा दुष्काळ, सगळं ऐकलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिचं बोलणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

आसगावची
मायघर, डोळ्यात पाणी आलं. आमच्याकडंही रोवणीच्या बायांना नस (तंबाखूची पूड) लागते, कामावर यायच्या आधी डबी विचारतात. यंदा मजूरच भेटत नाहीत तो वेगळा विषय.

मोसंबीबाग
मजुरांचं विचारू नका. आमच्याकडं तोडणीला बाहेरून माणसं आणा लागतात.

वणीकर
सिस्टर, धन्यवाद. शेकाचं मला माहीत नव्हतं. माझ्या चुलतभावाचा पुढच्या महिन्यात मुंबईला सुरू होणार आहे. अजून सिगारेट चालू आहे, घरात रोज भांडण. त्याला काय सांगू?

सावनेर१९
सांगू नका, विचारा. "सोडायला काय अडचण येते?" मला हा प्रश्न सगळ्या उपचारात एकाच माणसानं विचारला.
अन् १८००-११-२३५६ हा नंबर त्याच्या पाकिटावरच छापलेला असतो. तंबाखू सोडायला मदत करतात. पहिला फोन तुम्ही लावून त्याच्या हातात द्या.

सिस्टर हिंगणघाट
हेच. त्याची तारीख पण त्यालाच ठरवू द्या, फक्त शेकाच्या आधीची. अन् मुंबईला रेल्वेनं जाणार असाल तर दवाखान्याच्या दाखल्यावर स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटचं भाडं माफ असते, सोबतच्याला ७५ टक्के सूट. बरेच जण पूर्ण पैसे भरून जातात.

तिरोड्याची लेक
आले. बाबांचं राहिलं होतं. शेकाच्या मधल्या काळात त्यांनी लपून विडी ओढली. आईनं पाहिलं. ओरडली नाही. म्हणाली, "मी वळते ते पोटासाठी, तुम्ही ओढू नका माझ्यासाठी." मग दोघं बसून रडले, अन् त्या रात्री बाबा पहिल्यांदा म्हणाले की त्यांना मरायची भीती वाटते. आम्हा पोरींना तोवर वाटे बाबांना कशाचीच भीती नाही. पुन्हा विडी सुटली ती त्यानंतर. एकदम नाही, अधूनमधून घसरतच, पण सुटली. आई आता विड्या वळत नाही, शिलाई करते.

धानबांधी
ताई, तुमच्या आईचं वाचून थांबलो होतो थोडा वेळ.
वणीकर, भावाला घेऊन निघायच्या आधी इथं लिहा. मुंबईत राहायच्या सोयीचं आमच्या गावातल्या एकाला माहीत आहे, तो अलीकडेच जाऊन आला. विचारून ठेवतो.

वणीकर
नक्की. आज संध्याकाळी त्याच्याकडं जातो आहे.

मोसंबीबाग
सिस्टर, तो रेल्वेचा दाखला कोण देते? खिडकीवरचा फॉर्म की डॉक्टरचाच?