आयलेट बसवली आणि शरीराने नाकारली, तर वेळेत कळतं का?

नौपाड्याची आई:
लेक चौदा वर्षांची, टाइप १ डायबेटिस, सहाव्या वर्षापासून इन्सुलिन. माझ्या दिरांना सासूबाईंनी किडनी दिली आहे. मध्यंतरी त्यांचं क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) १.२ वरून १.९ झालं, लगेच बायोप्सी, रिजेक्शन (शरीराने किडनी नाकारणं) निघालं, स्टिरॉइड देऊन किडनी वाचली. तेव्हापासून डोक्यात घोळतंय, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके, म्हणजे आयलेट, बसवतात त्यांचं काय? साखर चढेपर्यंत वाट बघायची? (कारल्याचा रस सुचवू नका. सासूबाईंच्या समाधानासाठी देऊन झालाय.)

नेरूळकर:
ताई, मी एमआरआय टेक्निशियन. किडनी मुठीएवढी, एका जागी असते. आयलेट साधारण ०.१५ मिलिमीटरचं, बारीक रव्याच्या कणाहून लहान. ती पोर्टल व्हेनमधून (लिव्हरकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतून) सोडतात आणि ती दीड किलोच्या लिव्हरभर विखुरतात. सुई घालून तुकडा काढलात तरी त्यात आयलेट सापडेलच असं नाही.

म्हणून एक युक्ती निघाली. पेशंटला देण्याआधी आयलेट लोहाच्या अतिसूक्ष्म कणांसोबत ठेवायची, म्हणजे ती लोह आत घेतात. लोह आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र बिघडवतं, त्यामुळे लिव्हरच्या एमआरआय चित्रात तीळ सांडल्यासारखे काळे ठिपके दिसतात. ठिपका आयलेटपेक्षा बराच मोठा उमटतो, म्हणून तर दिसतो! जिनिव्हात चार पेशंटवर केलेलं हे काम २००८ मध्ये छापून आलं. ठिपके मोजत राहायचे, कमी झाले की सावध व्हायचं.

पण गोम अशी की रिजेक्शन नसतानाही सुरुवातीच्या दिवसांत बरीच आयलेट मरतात. आणि मेलेल्या पेशीतलं लोह काही काळ तिथेच पडून राहू शकतं. ठिपका आहे म्हणजे पेशी जिवंत आहे, असं मी तरी छातीठोक सांगणार नाही.

खारघर, टाइप १, १९९८ पासून:
नेरूळकर, म्हणूनच दुसरी वाट जास्त पटते. आयलेटमधल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीवर जीएलपी-१ या हार्मोनचे रिसेप्टर (चिकटायच्या जागा) असतात. त्यांना चिकटणारं एक्सेंडिन (वजन उतरवायच्या हल्लीच्या इंजेक्शनांच्याच कुळातलं) किरणोत्सारी करून टोचायचं आणि स्कॅन काढायचा. पेशी मेली की चिकटायला जागाच उरत नाही. हाताच्या स्नायूत बसवलेल्या पेशी २०१० मध्येच अशा पाहिल्या गेल्या. स्वीडनमध्ये एका माणसाच्या हातात जनुकं बदललेल्या पेशी घातल्या, रिजेक्शनची औषधं न देता. १२ आठवड्यांनी त्या जिवंत होत्या. हे २०२५ चं.

ताई, तुमच्या प्रश्नाचं आजचं उत्तर मात्र सी-पेप्टाइड (इन्सुलिन बनताना सोबत सुटणारा तुकडा, रक्तात मोजतात), तेही खाऊ घालून मग रक्त घेऊन. अडचण अशी की उरलेल्या पेशी जादा राबून आकडा सावरतात. तो पडेस्तोवर बरंच गेलेलं असतं. आणि वेळेत कळलं तरी औषध वाढवणं सोपं नाही, रिजेक्शन रोखणारं टॅक्रोलिमस किडनीला त्रास देतं आणि बीटा पेशींनाही.

नौपाड्याची आई:
म्हणजे राखणदारच चोर! दोघांचे आभार. लेकीने सगळं वाचलं. तिचा एकच प्रश्न: "पेशी हातात बसवल्या तर माझा साखरेचा सेन्सर कुठे लावायचा?"

नेरूळकर:
तो दंडावर, पेशी कोपराखाली, जागा भरपूर आहे. फक्त आमच्याकडे एमआरआयला आत सोडताना सेन्सर काढायला लावतो. महागाचा असतो, तेव्हा बदलायच्या दिवशीचीच अपॉइंटमेंट घ्या म्हणावं.