मदत हवी आहे: दिवेआगरच्या घराला कौलं घालावीत की पत्राच?

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, गावभागातला. पाण्याचं काय ते आम्हाला विचारा. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा होतं नव्हतं ते माळ्यावर चढवून बाहेर पडलो. वाऱ्यातलं मात्र ओ की ठो कळत नाही.

आत्याचं सासर दिवेआगर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ तिथंच आसपास किनाऱ्याला लागलं. आमचं ऐकून आत्यानं कागदपत्रं ट्रंकेत घालून माळ्यावर ठेवलेली. आणि वाऱ्यानं आधी छप्परच नेलं! सातबारा अजून पिवळट, कडक पापडासारखा झालाय.

तेव्हा घाईत जुन्याच वाशांवर पत्रे टाकले. आता हुकांच्या भोकांतून गळतंय. आत्या म्हणते कौलं घाल, पत्र्याखाली मे महिन्यात बसवत नाही. आतेभाऊ म्हणतो, एक कौल उचललं की ओळ जाते. त्या दिवशी कुणाचं छप्पर टिकलं असेल तर ते कसं बांधलेलं होतं, सांगाल का?

दुसरं, वाडी. रोठा जातीच्या सुपारीची बरीच झाडं पडली. नवी रोपं करपतात, सावलीचे माडच राहिले नाहीत.

प्रतिसाद (श्रीवर्धनकर):
कौलं की पत्रा हे नंतर बघा, आधी वासे बघा. कुजलेल्या वाशाला कसलाही हुक धरत नाही. वासे भिंतीला लोखंडी पट्टीनं आवळा. वारा वळचणीखाली शिरून पाखं उचलतो, म्हणून छप्पर भिंतीबाहेर फार काढू नका. पत्रा घातलात तर कडेला आणि आढ्याजवळ हुक जवळजवळ घ्या, मधे थोडे लांब चालतात. खाऱ्या हवेत साधे हुक गंजतात, जस्ताचा मुलामा दिलेले घ्या आणि दर मेमध्ये वर चढून बघा. हे कुणी करत नाही.

वाडीत आधी केळी लावा, सावली धरली की मग रोपं. उभ्या पोफळींच्या खोडांना नैर्ऋत्येकडून झावळ्या बांधा, तिरपं ऊन तिकडूनच भाजतं. श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्रातही विचारा. फळाला मात्र सहा-सात वर्षं धरून चाला.

धागाकर्ता:
आभार! वासे बदलतोच. सुतार इकडून आणू का?

श्रीवर्धनकर:
सुतार इथलाच घ्या. सांगलीहून आणायचीच तर हळद आणा.