ट्वायलाइट क्लेरिक टेबलावर चालू द्यायचा का?

सहाफाशी
डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिकाखेळाची पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. प्रश्न असा की क्लेरिकचा (देवाच्या शक्तीने जादू करणारं पात्र) ट्वायलाइट हा उपप्रकार फार ताकदवान आहे का. मूळ पुस्तकातला लाइफ क्लेरिक घ्या. पाचव्या लेव्हलला त्याचं 'प्रिझर्व्ह लाइफ' एकदाच २५ हिट पॉइंट (पात्राची जीवनशक्ती) वाटतं, आणि कोणालाही निम्म्याच्या वर नेत नाही. २०२० च्या 'टाशाज कॉल्ड्रन'मधला ट्वायलाइट क्लेरिक तेवढीच चॅनल डिव्हिनिटी (मोजक्याच वेळा वापरता येणारी दैवी शक्ती) खर्चून ३० फूट त्रिज्येचं वर्तुळ मिनिटभर सोबत फिरवतो. आत जो आपली पाळी संपवेल त्याला १डी६+५ (सहा बाजूंचा एक फासा अधिक लेव्हल), सरासरी साडेआठ टेम्पररी हिट पॉइंट (आधी मार झेलणारे तात्पुरते जादा पॉइंट). चार जण, तीन राउंड: १०२! गॉब्लिन या किरकोळ राक्षसाचा वार सरासरी ५ चा. एकेकाला एकेक गॉब्लिन भिडला तर तो नुसता तलवार फिरवत बसतो. बरं, डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) मार वाढवला, तर क्लेरिक पडला त्या राउंडपासून सगळ्यांचंच कंबरडं मोडतं. माझ्या मते सरळ बंदी.

ओगरमित्र
१०२ हा आकडा फसवा आहे. टेम्पररी पॉइंट साठत नाहीत. ज्याला कोणी हातच लावला नाही, त्याच्या खात्यात पुढच्या पाळीला जवळपास काहीच भर पडत नाही. दोन ओगर (धिप्पाड राक्षस) एकाच फायटरवर (लढवय्यावर) सोडा: सरासरी १३ अधिक १३, त्यातून साडेआठ वजा. मार विखरू नका, एकवटा. शिवाय क्लेरिक इनकॅपॅसिटेटेड (काहीच करू न शकणारा) झाला की वर्तुळ विझतं. होल्ड पर्सन, म्हणजे माणसाला जागीच थिजवणारी जादू, हे दुसऱ्या लेव्हलचंच स्पेल आहे.

सहाफाशी
होल्ड पर्सन टाळायला विज्डम सेव्ह (वीस बाजूंचा फासा अधिक बोनस) टाकायचा, आणि क्लेरिकचा तो बोनस पाचव्या लेव्हलला सहज +७. डीसी (गाठायचा आकडा) १३ असेल तर चारात एकदा लागेल. बाकी तीनदा स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी संधी) वाया.

शॉर्टरेस्ट
दोघंही चकमकीचा हिशेब करताय, दिवसाचा कोण करणार? डीएम गाइड दिवसाला ६ ते ८ चकमकी आणि मधे साधारण दोन शॉर्ट रेस्ट (तासाभराची विश्रांती) धरतं. पाचव्या लेव्हलला चॅनल डिव्हिनिटी एकदाच, शॉर्ट रेस्टनंतर परत. म्हणजे दिवसात तीनदा. निदान निम्म्या चकमकी वर्तुळाविना. दिवसाला एकच मारामारी आणि लगेच लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती), असं खेळलात तर विझार्डही (जादूगारही) डोईजड होणारच.
आणि नवं पुस्तक म्हणजेच ताकदीची महागाई, हेही पटत नाही. २०१४ च्या मूळ पुस्तकातलं कंज्युर ॲनिमल्स हे प्राणी बोलावणारं स्पेल बघा: आठ लांडगे, प्रत्येक चावा सरासरी ७, वर पॅक टॅक्टिक्सचा ॲडव्हांटेज (सोबती जवळ असला की दोन फासे टाकून मोठा धरायचा). २०२४ च्या नियमांत ते स्पेल पार बदलावं लागलं. उलट बीस्ट मास्टर रेंजर (सोबत जनावर घेऊन लढणारं पात्र) त्याच टाशाने खेळण्याजोगा केला.

सहाफाशी
रेंजरचं मान्य. लांडग्यांचं नाही. ते कॉन्सन्ट्रेशनवर (बोलावणाऱ्याचं लक्ष टिकेल तोवरच) टिकतात आणि प्रत्येकी ११ हिट पॉइंटचे. फायरबॉल (आगीचा गोळा) सरासरी २८. सेव्ह जमला तरी १४, म्हणजे आठही साफ. ट्वायलाइटच्या वर्तुळाला कॉन्सन्ट्रेशन लागत नाही. ते स्पेलच नाही, म्हणून डिस्पेल मॅजिक (दुसऱ्याचं स्पेल मोडणारं स्पेल) चालत नाही. वर तोच क्लेरिक स्पिरिट गार्डियन्स (भोवतीच्या शत्रूंना मारणारं स्पेल) लावून उभा. माझी तक्रार आकड्यापेक्षा या तोड नसण्याबद्दल आहे.

ओगरमित्र
मग बंदी कशाला, लेव्हलऐवजी प्रोफिशियन्सी बोनस (लेव्हलबरोबर हळूहळू वाढणारा आकडा) मिळवा. अकराव्या लेव्हलला साडेचौदाऐवजी साडेसात.

सहाफाशी
पाचव्याला तरीही साडेसहा. गॉब्लिन तिथेच.

शॉर्टरेस्ट
आकडा राहू दे, किंमत लावा. दर राउंडला क्लेरिकने बोनस ॲक्शन (पाळीतली एकच छोटी जादा कृती) खर्चून वर्तुळातल्या एकालाच पॉइंट द्यायचे. त्या राउंडला स्पिरिच्युअल वेपन (त्याच कृतीने चालणारं जादूचं शस्त्र) फिरवता येणार नाही, आणि कोणाला द्यायचे हे ठरवावं लागेल.

सहाफाशी
हे चालेल. फक्त चार्म्ड (मोहित) किंवा फ्रायटन्ड (भयभीत) अवस्था काढण्याचा वर्तुळाचा पर्यायही त्याच बोनस ॲक्शनमध्ये बसवा, नाहीतर ड्रॅगनची दहशत पुन्हा फुकटात उतरते.