एडब्ल्यूएसच्या उबुंटू सर्व्हरवर एसएसएच: सीएचमॉड करूनही किल्ली चालत नाही

नवा_गडी:
एडब्ल्यूएसच्या (अमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या) मुंबई रीजनमध्ये उबुंटू २४.०४ चा इन्स्टन्स, म्हणजे भाड्याचा सर्व्हर, घेतलाय. लॅपटॉपवर विंडोज ११ आणि त्यात डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय). पेम फाइल (लॉगिनची खासगी किल्ली) विंडोजच्या डाउनलोड्समध्येच आहे. एसएसएच (दुरून सर्व्हरमध्ये लॉगिन) केलं की 'अनप्रोटेक्टेड प्रायव्हेट की फाइल', परमिशन्स ०७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी. परमिशन बदलायला सीएचमॉड ६०० दिलं तर एरर येत नाही, पण फाइल ०७७७ च राहते. राउटर रीस्टार्ट केल्यापासून तर नुसतं 'कनेक्शन टाइम्ड आउट'. २२ नंबरचं (एसएसएचचं) पोर्ट सगळ्यांना उघड आणि पासवर्ड लॉगिन चालू कर, असा एक सल्ला मिळालाय. करू का?

पोर्ट_बावीस:
पासवर्ड लॉगिन अजिबात नको. पोर्ट जगाला उघडं दिसलं की बॉट लगेच रूट, अ‍ॅडमिन, उबुंटू अशी नावं लावून पासवर्ड ठोकत बसतात.

तुमच्या अडचणी दोन आहेत, त्या एकत्र करू नका. टाइमआउट म्हणजे पॅकेट सर्व्हरपर्यंत पोचतच नाही, किल्लीचा विषय तिथे निघालेलाच नसतो. सिक्युरिटी ग्रुप (एडब्ल्यूएसची फायरवॉल) नको असलेलं पॅकेट गुपचूप टाकून देतो, म्हणून काहीच उत्तर येत नाही. राउटर रीस्टार्ट झाल्यावर तुमचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बदलला असणार आणि त्या ग्रुपच्या इनबाउंड रूलमध्ये, म्हणजे कोणाला आत येऊ द्यायचं त्या नियमात, जुनाच आहे. रूल एडिट करा, सोर्समध्ये पुन्हा 'माय आयपी' निवडा, सेव्ह. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं असतं तर गोष्ट वेगळी: मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही.

आता ०७७७. डब्ल्यूएसएलमधून विंडोजच्या सी ड्राइव्हवरच्या फाइलला लिनक्सच्या परमिशन मुळात लागतच नाहीत, मेटाडेटा पर्याय चालू केला नसेल तर सीएचमॉड वाया जातं. फाइल डब्ल्यूएसएलच्या होममधल्या डॉट-एसएसएच फोल्डरात कॉपी करा. मग सीएचमॉडने फोल्डरला ७००, फाइलला ६०० द्या, म्हणजे फक्त तुम्हालाच परवानगी राहते. डाउनलोड्समधली प्रत काढून टाका. पण बॅकअप कुठेतरी ठेवा, पेम फाइल एडब्ल्यूएसकडून दुसऱ्यांदा मिळत नाही.

सुडो_सदू:
यानंतर 'परमिशन डिनाइड, पब्लिककी' आलं तर आधी युजरनेम बघा. उबुंटूच्या इमेजवर ते उबुंटू, अ‍ॅमेझॉन लिनक्सवर ईसी२-युजर, डेबियनवर अ‍ॅडमिन. रूट कुठेच नाही. तरी अडलं तर कमांडला हायफन व्ही जोडा, कोणती किल्ली पुढे केली जातेय ते दिसतं.

आणि हो, इन्स्टन्स स्टॉप करून स्टार्ट केला की त्याचाही पब्लिक आयपी बदलतो. नुसत्या रीबूटने नाही. कायमचा हवा तर इलॅस्टिक आयपी घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ ला तासाला ०.००५ डॉलर लागतात, मग तो इलॅस्टिक असो वा नसो.

नवा_गडी:
दोन्ही जमलं. आता सर्व्हरच्या किल्लीचा फिंगरप्रिंट (ओळखखूण) दाखवून येस की नो विचारतंय. डोळे झाकून येस करायचं का?

पोर्ट_बावीस:
बहुतेक जण तेच करतात, पण ताडून बघायला वेळ लागत नाही. कन्सोलमध्ये इन्स्टन्स निवडा, अ‍ॅक्शन्समधून सिस्टिम लॉग उघडा. पहिल्या बूटच्या वेळी क्लाउड-इनिट (सर्व्हरची सुरुवातीची मांडणी करणारा प्रोग्राम) तिथे होस्ट कीचे, म्हणजे सर्व्हरच्या किल्ल्यांचे, फिंगरप्रिंट छापतं. ईडी२५५१९ (किल्लीचा एक प्रकार) ची ओळ जुळली की येस. पुढे कधी 'होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड' आलं आणि तुम्ही सर्व्हर नवा केलेला नसेल, तर लॅपटॉपवरची जुनी नोंद पुसण्याआधी कारण शोधा.

आत गेल्यावर सुडो लावून एसएसएचडी हायफन कॅपिटल टी चालवा (एसएसएच सर्व्हरच्या प्रत्यक्ष लागू सेटिंग्ज दिसतात) आणि पासवर्डऑथेंटिकेशनपुढे नो आहे का ते पाहा. नुसती मुख्य कॉन्फिग फाइल वाचून फसायला होतं. एसएसएचडी-कॉन्फिग-डॉट-डी फोल्डरातल्या फाइली उबुंटूवर आधी वाचल्या जातात, आणि पहिली सापडलेली किंमतच चालते. काहीही बदललं तर चालू सेशन बंद करू नका. दुसऱ्या विंडोतून लॉगिन होतंय हे पाहा, मगच ते सोडा.

सुडो_सदू:
घरचा आयपी सारखा बदलत असेल तर एडब्ल्यूएसचा सेशन मॅनेजर (सर्व्हरमध्ये शिरायची दुसरी सोय) वापरा. इनबाउंड पोर्ट एकही उघडावं लागत नाही, २२ सुद्धा नाही. त्याला लागणारा एजंट (सर्व्हरवर चालणारा छोटा प्रोग्राम) उबुंटूच्या अधिकृत इमेजमध्ये असतोच. इन्स्टन्सला फक्त अ‍ॅमेझॉन-एसएसएम-मॅनेज्ड-इन्स्टन्स-कोअर पॉलिसी असलेला आयएएम रोल (एडब्ल्यूएसमधला परवानग्यांचा संच) लावायचा.