मदत हवी आहे: पोर्ट वाईन, टॉनी घेऊ की एलबीव्ही (लेट बॉटल्ड विंटेज)?

मंडळी, पुढच्या महिन्यात पोर्तुगालमधल्या पोर्तोला जातोय आणि दादासाठी एक बाटली आणायचीये. आत्तापर्यंत पोर्ट म्हणजे गोव्यातली ती गोडमिट्ट स्वस्त लाल बाटली एवढीच ओळख, पण खरी पोर्ट दोरू खोऱ्यातल्या द्राक्षांचीच, रस अर्धवट आंबलेला असतानाच त्यात ७७ टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात म्हणून साखर उरते आणि अल्कोहोल १९-२२ टक्क्यांवर जातं, इथवर कळलंय. त्यातला रुबी प्रकार म्हणजे ताजी, फळांच्या चवीची, तेही ठीक. घोळ पुढेच आहे. दादाला सुकामेवा, कॅरॅमल असल्या चवी आवडतात, म्हणजे लाकडी पिंपात मुरलेली टॉनीच ना? मग १० वर्षंवाली की २०? किमतीत बराच फरक आहे, तेवढा चवीत जाणवतो का?

एक मित्र म्हणतो एलबीव्ही घे, ४ ते ६ वर्षं मुरवूनच बाटलीत भरतात, विंटेजसारखं (एकाच चांगल्या वर्षाच्या द्राक्षांची, बाटलीत मुरवायची पोर्ट) वर्षानुवर्षं थांबायला नको. पण दादा आठवड्याला एखादा छोटा ग्लास घेणारा, उघडलेली एलबीव्ही लवकर उतरते, टॉनी त्यामानाने जास्त टिकते, त्यामुळे माझा कल तिकडेच. कोणी गायाच्या (पोर्तोसमोर नदीपलीकडचं गाव) पोर्टच्या तळघरांत जाऊन चाखलीये का? प्लीज सांगा, आणि चेक-इन बॅगेत बाटली नीट कशी पॅक करता तेही.