अनुभव धागा : योगाच्या मुळाशी जाताना

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या नववीतल्या मुलीनं जिन्यात अडवलं. "काकू, सूर्यनमस्कार पतंजलींनी सांगितलेत ना? प्रोजेक्टमध्ये लिहायचंय." मी "हो गं" म्हणून मोकळी झाले. अकरा वर्षं रोज पहाटे सूर्यनमस्कार घालणारी बाई, चुकेल कशी! रात्री मात्र डोक्यात किडा वळवळला. करवीर नगर वाचन मंदिरातून पतंजलींच्या योगसूत्रांचं मराठी भाषांतर आणलं आणि शोधत बसले. चार पाद (म्हणजे प्रकरणं), 195 सूत्रं (काही प्रतींत 196), आणि थेट आसनावर जेमतेम तीन, दुसऱ्या पादातली 46 ते 48. सूर्यनमस्काराचा पत्ता नाही. शीर्षासन नाही, त्रिकोणासन नाही, एकाही आसनाचं नाव नाही. सकाळी त्या पोरीच्या दारात जाऊन चूक कबूल केली. तिनं प्रोजेक्ट आदल्या दिवशीच देऊन टाकला होता.

पण त्यातलं 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे आसन स्थिर आणि सुखाचं असावं, हे सूत्र माझ्या मागेच लागलं. स्थिर माझ्याकडे होतं, सुख नव्हतं. शीर्षासनात मी दात आवळून उलट्या घड्याळाकडे बघत असायचे. दहा मिनिटांवरून तीनवर आले. वर्गातल्या बायकांना वाटलं, हिची मान धरली.

तुमच्यापैकी कुणी असं मुळाकडे गेलं असेल, सूत्रं, हठप्रदीपिका (हठयोगावरचा स्वात्मारामांचा जुना ग्रंथ), शरीरशास्त्र, ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय, काहीही, तर लिहा. वाचलं काय यापेक्षा चटईवर बदललं काय, ते हवंय. बिघडलं असेल तर तेही. 'योगानं माझी शुगर पळाली' छापाचे किस्से कृपया दुसरीकडे.

जुना पैलवान, मंगळवार पेठ

ताई, मी लिवणारा माणूस न्हाई, नातीकडनं टाइप करून घेतोय. आमी पोरवयापासनं तालमीत. पहाटं जोर, बैठका, मग माती. वस्ताद म्हणायचे, दम धर. साठीला गुडघं बोलाय लागलं तवा योगाच्या वर्गाला गेलो. पश्चिमोत्तानासनात पायाचा अंगठा काय हाताला लागंना. मी आपला ताकद लावतोय, तोंड तांबडंलाल, शेजारचा घाबरला. सरांनी फळ्यावर लिवलं, 'प्रयत्नशैथिल्यानन्तसमापत्तिभ्याम्'. म्हणाले, प्रयत्न सैल केला आन् मन अनंतात लावलं की आसन साधतंय.

मला राग आला बघा. जलम गेला जोर लावण्यात, आन् आता सैल सोड म्हंत्यात. चार महिनं डोस्क्यात घोळत हुतं. मग एकदा पोरांच्या कुस्त्या बघताना उमगलं. डाव बसतोय तो नुसत्या ताकदीनं न्हाई. समोरच्याचं वजन कुठं चाललंय ते आपल्या अंगाला कळाय पायजे, आन् अंग ताठ असलं तर कळत न्हाई. ताठ गडी लवकर चीत हुतोय. म्हंजे हे आमाला ठावं हुतं की! नाव तेवढं ठावं नव्हतं. आता श्वास सोडताना खांदं सोडतो, जबडा सोडतो. अंगठा अजून लागत न्हाई, चार बोटं ऱ्हायलीत. 'अनंत' काय मला कळलेलं न्हाई. ते ऱ्हाऊ दे.

शिवणवाली, राजारामपुरी

एका वर्गात पद्मासन 'आलंच पाहिजे' म्हणून माझा गुडघा वरून दाबला. कट्ट आवाज झाला. तीन महिने मशीनचं पायडल मारता आलं नाही, तेही ऐन लग्नसराईत. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी सापळ्याचं चित्र काढून समजावलं. मांडी वळायची ती खुब्यातून. गुडघ्याचं काम मुख्यतः बिजागरीचं, वाकायचं आणि सरळ व्हायचं. खुबा वळला नाही की सगळा पीळ गुडघ्यावर. आणि खुब्याचा खळगा प्रत्येकाचा वेगळा. मला लगेच पटलं. मुंढ्याचा कट चुकलेल्या ब्लाउजमध्ये हात वर नेला तर शिवण दुसरीकडेच उसवते, तसंच हे.

मग चिडून मूळ शोधायला लागले, की पद्मासनाची सक्ती सांगितलीय कुणी? योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात आसनांची यादी मिळाली. पद्मासन आहेच. पण त्याच ओळीत 'सोपाश्रय' आहे, म्हणजे आधार घेऊन बसणं. आणि यादीच्या शेवटी 'यथासुख'! एवढ्या जुन्या भाष्यात माझ्या गुडघ्याची सोय करून ठेवलीय. आता स्वस्तिकासनात बसते, बुडाखाली घडी घातलेली गोधडी. हठप्रदीपिकेत पहिलं आसन तेच दिलंय.

शाहूपुरी, वय 26

मी व्हिडिओ बघून प्राणायाम सुरू केला होता. चार अंक पूरक (श्वास आत), सोळा कुंभक (रोखणं), आठ रेचक (बाहेर). आठवड्यात आकडे वाढवले, कारण वाढवता येत होते. महिन्याभरात छातीत धडधड, झोप उडाली, घरी सगळ्यांवर खेकसणं. आईनं चटई माळ्यावर टाकली. हठप्रदीपिकेच्या दुसऱ्या उपदेशातला (प्रकरणातला) पंधरावा श्लोक नंतर वाचला: सिंह, हत्ती, वाघ हळूहळूच वश होतात, वायूचंही तसंच, नाहीतर तो साधकालाच मारतो. योगसूत्रात तर प्राणायामाची व्याख्याच 'तस्मिन् सति'नं सुरू होते, म्हणजे आसन साधल्यावर. मी ते दोन शब्द गाळून पुढचं केलं होतं. सध्या कुंभक बंद. नुसता श्वास बघतो. कंटाळा येतो, खरं सांगतो.

फुलेवाडी

हठप्रदीपिकेतला मिताहार, म्हणजे बेताचं खाणं, वाचला आणि पंचाईत झाली. स्निग्ध, मधुर खावं, पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवावा, इथवर ठीक. पुढं अपथ्याची यादी: तिखट, आंबट, खारट, उष्ण, मासे, मांस. म्हणजे कोल्हापूरच. मिसळ आठवड्यातून एकदा ठेवलीय आणि चौथा भाग रिकामा ठेवायचा प्रयत्न करतो, पण कट वाढायला आलेल्या पोऱ्याला स्वात्माराम माहीत नाहीत. (बुधवारी आणि रविवारी तांबडा-पांढरा असतो, त्याबद्दल इथं काही लिहीत नाही.)

वाचनात अडकलेला

थोडा विरोधी सूर लावतो. चार वर्षं मी हेच करतोय, मूळ, मूळ. संस्कृत शिकलो, तीन भाष्यं शेजारी ठेवून सूत्रं वाचली. पहिल्या पादातल्या तिसाव्या सूत्रात नऊ अंतराय, म्हणजे साधनेतले अडथळे, आहेत: व्याधी, स्त्यान, संशय, प्रमाद, आलस्य... मी त्यांचा वहीत सुंदर तक्ता केला. तक्ता करताना लक्षात आलं, की सहा महिने चटई उघडलेली नाही. आलस्याची व्याख्या मात्र तोंडपाठ. हठप्रदीपिकेनं तर सरळ कान उपटलेत: 'न शास्त्रपाठमात्रेण योगसिद्धिः प्रजायते'. हा श्लोकही मी वहीत उतरवून घेतला, केलं काही नाही. आता घरी नियम केलाय. आधी वीस मिनिटं आसन, मग पुस्तक. गेल्या महिन्यात अकरा दिवस पाळला.

जुना पैलवान

त्या शिवणवाल्या ताईंना इचारायचं हुतं. ते सोपाश्रय का काय म्हंत्यात, ते कशानं करायचं? माझी पाठ दहा मिन्टात वाकती.

शिवणवाली

काका, जुन्या धोतराचा चार बोटं रुंद पट्टा घ्या. मांडी घालून बसा, पट्टा कमरेमागून आणून दोन्ही गुडघ्यांभोवती घ्या आणि बांधा. फार आवळू नका, श्वास घेतला की सैल वाटला पाहिजे. गाठ मागं नको, बाजूला. नाहीतर माझ्याकडे या, माप घेऊन शिवून देते.

जुना पैलवान

धोतर हाय. गाठ नातीकडनं मारून घेतो.