कुकीची पट्टी लावली, पॉलिसी टाकली, तरी गिऱ्हाईक विचारतंय: "नक्की काय गोळा करता?"

टेरी_सोलापूर
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरींच्या युनिटची वेबसाइट आहे. वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवर. त्यात गूगल ॲनालिटिक्स, फेसबुकचा पिक्सेल (जाहिरातींसाठी माग काढणारी छोटी स्क्रिप्ट), यूट्यूबचे दोन व्हिडिओ आणि व्हॉट्सॲपचं बटण आहे. खाली "ही साइट कुकीज वापरते. ठीक आहे" अशी पट्टी येते. (कुकी म्हणजे साइट पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद.) प्रायव्हसी पॉलिसी टेम्पलेटची, इंग्रजीत, लांबलचक. तिच्यात कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांचे हक्कसुद्धा आहेत! किरकोळ ऑर्डरी महाराष्ट्रातून आणि हैदराबादहून येतात, घाऊक चौकशा जर्मनीतून. एवढी पट्टी पुरते का? पॉलिसी मराठीत चालते का? आणि वकिलाकडे जाण्याआधी आपलं आपण काय तपासता येईल?

नेटवर्क_टॅब
पॉलिसी नंतर. आधी साइट खरंच काय करते ते बघा, कारण बहुतेक पॉलिसी अस्पष्ट असतात त्या लिहिणाऱ्याने हे कधी बघितलेलं नसतं म्हणून.

क्रोममध्ये इनकॉग्निटो खिडकी उघडा, साइटवर जा आणि पट्टीला हात लावू नका. एफ१२ दाबा, "ॲप्लिकेशन" टॅब, डावीकडे "स्टोरेज"खाली "कुकीज". (फायरफॉक्समध्ये थेट "स्टोरेज" टॅब.) वूकॉमर्सच्या कार्टच्या कुकीज दिसल्या तर हरकत नाही, त्यांच्याशिवाय टोपलीत चादर टिकणार नाही. पण काहीही न दाबता ॲनालिटिक्सची "_जीए" (_ga) किंवा पिक्सेलची "_एफबीपी" (_fbp) दिसली, तर तुमची पट्टी नुसती शोभेची आहे. मुदतीचा रकानाही बघा. "_जीए" मुळात २ वर्षांची (क्रोम मात्र कमाल ४०० दिवसच दाखवेल) आणि "_एफबीपी" ९० दिवसांची असते, आणि माणूस परत आला की मुदत पुन्हा पुढे सरकते. सफारीत जावास्क्रिप्टने लिहिलेली कुकी ७ दिवसांत जाते, त्यामुळे आयफोनवर बघून "आमच्याकडे फारसं काही नाही" असं ठरवू नका.

मग "नेटवर्क" टॅब. पान रिफ्रेश करून फिल्टरमध्ये "कलेक्ट" हा शब्द इंग्रजीत टाका, ॲनालिटिक्सच्या विनंत्या दिसतील. नंतर "फेसबुक" टाका. कुकी नसतानाही पिक्सेल पानाचा पत्ता पाठवू शकतो, म्हणून नुसत्या कुकीज मोजून भागत नाही. पट्टीत नकाराचं बटण लावलंत की हे सगळं नकार देऊन पुन्हा करा आणि पार चेकआउटपर्यंत जा. पेमेंट गेटवेची स्क्रिप्ट तिथेच उगवते, होमपेजवर तिचा पत्ताही नसतो.

नेहमी चुकतं ते इथे: टॅग, म्हणजे ॲनालिटिक्स किंवा पिक्सेलचा कोड, एकदा प्लगिनमधून लावलेला असतो आणि एकदा थीमच्या हेडरमध्ये कुणीतरी चिकटवलेला. संमतीचं प्लगिन पहिला अडवतं, दुसरा मोकाट. दुसरं कारण कॅशचं, म्हणजे साइट वेगाने उघडावी म्हणून पानं साठवून ठेवणारं प्लगिन. ते सगळ्या स्क्रिप्ट एका फाइलीत गुंडाळतं, मग अडवणाऱ्याला त्यातला पिक्सेल ओळखूच येत नाही. संमतीशी संबंधित स्क्रिप्ट त्या जोडणीतून वगळा, कॅश रिकामी करा, मग तपासा.

गूगलचा कन्सेंट मोड (संमतीप्रमाणे टॅगला वागायला लावणारी सोय) वापरणार असाल तर "नाकारलेलं" ही मूळ स्थिती टॅग लोड व्हायच्या आधी लागली पाहिजे. नंतर लावली तर पहिली विनंती निसटतेच. शिवाय त्याच्या ॲडव्हान्स्ड प्रकारात नकारानंतरही कुकीविना सूचना गूगलकडे जात राहतात. नकार म्हणजे खरंच नकार हवा असेल तर बेसिक प्रकार घ्या.

यूट्यूबसाठी एम्बेड कोडमध्ये नोकुकी डोमेन वापरा, किंवा त्याहून बरं, नुसतं चित्र ठेवा आणि दाबल्यावरच व्हिडिओ आणा. व्हॉट्सॲपचं बटण साधी लिंक असेल तर दाबेपर्यंत काही होत नाही. तिसऱ्याच कंपनीचं चॅट विजेट असेल तर ते पान उघडताच स्वतःची स्क्रिप्ट ओढतं.

कलम_सहा
कायद्याचं बघू. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ चा, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये. अंमल टप्प्याटप्प्याने आहे. डेटा संरक्षण मंडळाची तरतूद लगेच, सूचना-संमतीची मुख्य बंधनं १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये. तोवर २०११ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेतच. त्यांत साइटवर पॉलिसी लावणं आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव व संपर्क देणं आहे, तक्रार महिन्याभरात निकाली काढायची.

अधिनियमात "कुकी" हा शब्द नाही. माहितीवरून माणूस ओळखता येतो का, एवढंच तो विचारतो. पिक्सेलचा क्रमांक ऑर्डरच्या नाव-मोबाइलशी जोडला गेला की तो वाद संपला.

पार्सलसाठी गिऱ्हाइकाने स्वतःहून दिलेला पत्ता त्याच कामाला वापरायला वेगळी संमती लागत नाही, कलम ७ बघा. तोच मोबाइल नंबर जाहिरातीच्या यादीत टाकला की मात्र लागते. संमती मोकळी, नेमकी आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी, आणि परत घेणं देण्याइतकंच सोपं. तुमच्या पट्टीत नुसतं "ठीक आहे" आहे, म्हणजे नकाराची सोयच नाही.

मराठीचं विचारलंत. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागणार आहे. मराठी त्यात आहेच, आणि हैदराबादच्या गिऱ्हाइकासाठी तेलुगूही.

२५० कोटींच्या दंडाने घाबरवणारे भेटतील. तो आकडा सुरक्षेच्या उपायांत कसूर झाल्याबद्दलची कमाल मर्यादा आहे. सूचना-संमतीतल्या चुकीला कमाल ५० कोटी. दुकानाच्या मानाने तोही काही थोडका नाही म्हणा.

जर्मनी: साइट तिथून नुसती उघडते म्हणून युरोपचा डेटा संरक्षणाचा कायदा, जीडीपीआर, लागत नाही. युरोत भाव, जर्मन पान, तिकडे पाठवणीची सोय असं असेल तर लागू शकतो. तिथे आधीच टिक करून ठेवलेला चौकोन संमती धरत नाहीत. युरोपियन न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ च्या प्लॅनेट४९ निकालात तसं स्पष्ट केलं, आणि ते प्रकरण जर्मनीतलंच होतं.

गणवेश_गल्ली
शाळेच्या गणवेशांचं काम करणाऱ्यांनी इथे कान टवकारा. १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढणं आणि त्यांना लक्ष्य करून जाहिरात दाखवणं याला त्याच अधिनियमाच्या कलम ९ ची मनाई आहे, तिचाही अंमल मे २०२७ पासून. मापाच्या फॉर्ममध्ये मुलाचं नाव, इयत्ता, शाळा विचारता ना? छाती, उंची आणि नग एवढं पुरतं, नाव कशाला हवं? आणि त्या पानावर पिक्सेल ठेवूच नका.

साधं_लिहा
पॉलिसीचा मजकूर असा करता येईल:

"ऑर्डर पोचवण्यासाठी आम्ही तुमचं नाव, पत्ता आणि मोबाइल घेतो. ही माहिती कुरिअर कंपनीला देतो, दुसऱ्या कुणाला नाही. कार्डाचा नंबर आमच्याकडे येत नाही, तो पेमेंट कंपनीच्या पानावर भरला जातो. तुम्ही होकार दिला तरच, कोणती पानं पाहिली हे फेसबुकला कळतं, आणि त्यावरून तुम्हाला आमच्या जाहिराती दिसू शकतात. त्यासाठीची कुकी ९० दिवस राहते. होकार मागे घ्यायचा असेल तर प्रत्येक पानाच्या तळाशी 'कुकी बदला' आहे."

टेम्पलेटमधलं "आम्ही व आमचे भागीदार सेवा सुधारण्यासाठी माहिती वापरू शकतो" हे वाक्य सरळ काढा. भागीदार कोण, सुधारणा कसली, काहीच कळत नाही. "वापरू शकतो" तर सगळ्यात वाईट. वापरता की नाही ते लिहा. कॅलिफोर्निया कापा. कार्डाचं वाक्य मात्र चेकआउट तपासूनच ठेवा. कार्डाचा फॉर्म तुमच्याच पानावर असेल तर ते खोटं ठरेल.

टेरी_सोलापूर
तपासलं. काही न दाबताच "_जीए" आणि "_एफबीपी" दोन्ही हजर. पिक्सेल काढूनच टाकतो, त्या जाहिराती तशाही बंद आहेत. पण जुन्या गिऱ्हाइकांच्या ब्राउझरमधल्या कुकीचं काय?

नेटवर्क_टॅब
टॅग काढला तरी ती मुदत संपेपर्यंत तिथेच पडून राहते. काही महिने पानावर छोटी स्क्रिप्ट ठेवा, त्याच नावाची कुकी शून्य मुदतीने लिहायची. डोमेन आणि पाथ मूळ कुकीसारखेच द्या. या कुकीज बहुधा मुख्य डोमेनवर बसतात. तुम्ही "डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू"वाल्या पत्त्यावर पुसायला गेलात तर जुनी तशीच राहील आणि पुसली असं वाटेल. एफ१२ मध्ये डोमेनचा रकाना बघून तोच लिहा. थीमचं हेडरही उघडून बघा, पिक्सेलची दुसरी प्रत बहुधा तिथेच सापडेल.